रेडिएटरमधली हळद

आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे लिहिताना मी नेहमीसारखा वळसा घेईन. आमच्या फियाटच्या रेडिएटरमध्ये ती हळद मी टाकली होती. चमचाभर नव्हे, तीन मुठी. दिवाळीच्या पाडव्याला, दुपारी, घरात सगळे जेवून आडवे झालेले असताना. दुसऱ्या दिवशी गाडी रस्त्यात बंद पडली तेव्हा मी ते सांगितलं नाही. नंतर मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये सांगितलं नाही, आणि पौषात आत्या गेली तेव्हाही नाही. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो दोष स्वतःच्या हातांना लावून घेतला. मी लावून घेऊ दिला.

आई जाऊन पाच वर्षं झाली त्या उन्हाळ्यात मी सिडकोतल्या आमच्या घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये शिरलो आणि गाडीवरची ताडपत्री ओढली. सोळा वर्षांची धूळ एकदम खाली आली. तिच्यामागून वास आला. तापलेलं रेक्झिन, जुनं ग्रीस, उंदरांनी कुरतडलेला सीटमधला काथ्या, आणि या सगळ्याच्या तळाशी कुठेतरी आईच्या केसांना लावायच्या तेलाचा. ती नेहमी मागे डावीकडे बसायची आणि डोकं काचेला टेकवायची. काचेवर त्या उंचीला एक तेलकट ढग अजून होता. मी तो पुसला नाही.

चारही टायर बसले होते. गाडी जमिनीत रुतल्यासारखी दिसत होती. मी बॉनेट उघडलं, मग पोतं अंथरून गाडीखाली गेलो, आणि तिथे मला अप्पा भेटत गेले.

सायलेन्सर द्राक्षाच्या मांडवाच्या तारेनं बांधलेला होता. ओझरच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी ती तार दिली होती, आणि अप्पांनी तिला वेलाला देतात तसा हळुवार पीळ दिला होता. पेट्रोलच्या टाकीला खाली जिथे बारीक चीर होती तिथे कपडे धुण्याचा साबण घासून बसवला होता. तो वाळून हाडासारखा झाला होता. वायपरला सायकलच्या ट्यूबची पट्टी होती. आणि समोरच्या कप्प्यात, एका काडेपेटीत जपून ठेवलेला, नखाएवढा पोस्टकार्डाचा तुकडा. इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटमधली फट किती ठेवायची हे अप्पा पोस्टकार्डाच्या जाडीनं ठरवत. कार्ड आत्याचं होतं. तुकड्यावर तिच्या तिरक्या अक्षरातलं ‘कुशल’ एवढंच उरलं होतं.

अप्पा महापालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवत. गाडी त्यांनी एका निवृत्त डॉक्टरांकडून घेतली, तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो आणि गल्लीत दुसरी मोटार नव्हती. मोटारीबद्दल त्यांना काहीच माहिती नव्हती. पण फळ्यावर खडूनं एका दमात गोल काढणारा माणूस होता तो. गोल असा की मुलं नंतर कंपास लावून बघायची आणि हरायची. ‘अंदाज’ हा त्यांचा आवडता शब्द. फ्रेम टांगायची तर पट्टी नको, अंदाज आहे. आमटीत मीठ किती, तर आई त्यांच्यासमोर चिमूट धरायची आणि ते मान हलवायचे. गाडीही ते अंदाजानंच शिकले. दर रविवारी सकाळी जुना पायजमा घालून गाडीखाली जायचे, आणि मग दुपारपर्यंत गल्लीला फक्त त्यांचे पाय दिसायचे. येणारा-जाणारा पायांशीच बोलायचा. समोरचे कुलकर्णी म्हणायचे, “मास्तर, गाडी कधी वर येणार?” खालून उत्तर यायचं, “गाडी वरच आहे. मी खाली आहे.”

त्या रविवारांना पेट्रोलचा आणि फोडणीचा वास एकत्र यायचा. अजूनही पंपावर उभा राहिलो की मला भूक लागते.

आता हळदीचं. रेडिएटरमधून पाणी थेंबथेंब गळायला लागलं तर त्यात हळद टाकायची, ही युक्ती त्या काळी हायवेवरच्या सगळ्या ड्रायव्हरांना ठाऊक होती. पाणी गरम होतं, हळद फिरते, जिथे बारीक भोक असेल तिथे जाऊन बसते. अप्पांना ही युक्ती विल्होळीजवळ एका ट्रकवाल्यानं सांगितली होती. त्याने एक अटही सांगितली होती आणि अप्पा ती मंत्रासारखी पाळत. चहाचा एक चमचा, काठाला सपाट केलेला. इंजिन चालू असताना, पाण्यात कालवून. आई बरणी आणून द्यायची आणि म्हणायची, “घ्या, पोरीला हळद लावा.” गाडीला ती पोरगी म्हणायची.

माझी आत्या, म्हणजे अप्पांची थोरली बहीण आक्का, इगतपुरीला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायची. तिला मूल नव्हतं. अप्पांना तिनंच वाढवलेलं. दर भाऊबीजेला अप्पा तिच्याकडे जायचे. गाडी नव्हती तेव्हा एसटीनं, गाडी आल्यावर गाडीनं. आक्का दारात उभी असायची आणि गाडी वळणावर दिसली की आत जाऊन निरांजन लावायची, म्हणजे भाऊ पाटावर बसेपर्यंत वात नीट पेटलेली असावी. तिच्या घरात कायम ओल्या भिंतींचा आणि इंद्रायणी तांदळाच्या भाताचा वास. खिडकीतून घाट चढून आलेल्या गाड्यांची इंजिनं धापा टाकताना ऐकू यायची.

त्या वर्षी मी एकोणीस वर्षांचा होतो आणि डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. पाडव्याच्या दुपारी गाडीखाली रांगोळीवर पाण्याचा एक थेंब पडलेला मी पाहिला. रंग पसरला होता. अप्पा सकाळीच म्हणाले होते की उद्या निघताना चमचा टाकू. मला वाटलं, एका चमच्यानं गळती महिनाभर थांबते तर जास्त टाकली की कायमची थांबेल. इंजिनिअर होणाऱ्या मुलाचं हे गणित. मी फडताळातून बरणी घेतली, रेडिएटरचं झाकण काढलं आणि थंड पाण्यात एक, दोन, तीन मुठी सोडल्या. हात धुतले. हळद नखांत राहिली, पण दिवाळीत नखं पिवळी असणारच. उद्या इगतपुरीला पोचलो की अप्पांना गाडीखाली वाकायला सांगायचं आणि म्हणायचं, बघा, एक थेंब नाही, असं मी ठरवलं होतं.

भाऊबीजेला सकाळी मामा आईकडून ओवाळून घ्यायला आले, जेवले, दोनला गेले. आम्ही तीनला निघालो. निघण्याआधी अप्पांनी इंजिन चालू केलं, वाटीत हळद कालवली आणि म्हणाले, “आज लांब जायचंय. दीड चमचा टाकतो.” मी शेजारी उभा होतो. तेव्हाच बोलायला हवं होतं. बोललो असतो तर पाणी काढून टाकून, रेडिएटर धुऊन अर्ध्या तासात निघालो असतो. पण मला पोचल्यावरची गंमत राखून ठेवायची होती.

वाडिवऱ्हे मागे पडलं आणि वास आला. आजारपणात दुधात हळद उकळतात तसा, पण करपलेला. अप्पांनी गाडी कडेला घेतली. फडक्यानं झाकण सोडवलं तर वाफेबरोबर पिवळं पाणी उसळलं आणि त्यांच्या नव्या सदऱ्यावर गळ्यापासून पोटापर्यंत पसरलं. आम्ही थांबलो. कॅनमधलं पाणी घातलं. गाडी किलोमीटरभर चालली आणि पुन्हा उकळली. तिसऱ्या वेळी इंजिनानं एक खोल घरघर केली आणि ते थांबलं.

दोन्ही बाजूंना भाताची कापणी चालू होती. कापलेल्या भाताचा तो गोडसर, ओला वास हवेत भरून होता. अप्पा बाही सरसावून बॉनेटमध्ये वाकले होते. एसट्या भरून जात होत्या, थांबत नव्हत्या. एक जीपवाला थांबला, म्हणाला एका माणसाची जागा हाय, घोटीपर्यंत सोडतो, तिथून इगतपुरी काय लांब नाय. आई म्हणाली, तुम्ही जा, आम्ही दोघं थांबतो. अप्पा म्हणाले, आणखी एकदा बघतो. जीप गेली. त्यांना खरंच वाटत होतं की ते गाडी चालू करतील. आतापर्यंत प्रत्येक वेळी केली होती.

मग सूर्य बुडाला आणि समोर, इगतपुरीच्या बाजूच्या डोंगरांवर, बीजेची कोर दिसली. कापलेल्या नखाएवढी. भाऊ आला नाही तर बहीण त्या चंद्राला भाऊ समजून ओवाळते. ती कोर फार वेळ थांबत नाही, म्हणून बायका घाई करतात. आई बराच वेळ तिकडे बघत होती. मग हळू म्हणाली, “वन्सं आता चंद्राला ओवाळतील.”

अप्पांनी हातातला पाना खाली ठेवला. नंतर रस्त्यावर कुणी थांबलं असतं तरी ते गेले नसते. एका टेम्पोनं दोर लावून आम्हाला नाशिकला ओढत आणलं. बंद गाडीचं स्टिअरिंग धरून अप्पा पुढे बसले होते आणि टेम्पोच्या मागच्या लाल दिव्याकडे बघत होते. माझ्या नखांत हळद होती. मी हात मांडीखाली दाबून बसलो.

तिसऱ्या दिवशी गाडी मुंबई नाक्याजवळ वसंत मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये नेली. त्याने खालचा पाइप सोडला आणि घमेल्यात पिवळा गाळ पडायला लागला. पडतच राहिला. चार-पाच गिऱ्हाइकं उभी होती. वसंत मिस्त्री जिभेला हाड नसलेला माणूस. तो म्हणाला, “मास्तर, हळद तर झाली. आता लग्न कधी?” सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, आहेर काय द्यायचा ते सांगा.

अप्पा घमेल्याकडे बघत होते. मी त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभा होतो. ते म्हणाले, “माझा अंदाज चुकला.”

एवढंच. हसणं थांबल्यावर गॅरेजमध्ये फक्त गाळाचा थबथब आवाज राहिला. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. ती थबथब थांबली की बोलतो असं मी स्वतःला सांगितलं. ती थांबली, मिस्त्री इंजिनाचं बोलायला लागला, आणि वाक्य गेलं.

पुढच्या रविवारी आम्ही एसटीनं आक्काकडे गेलो. अप्पांनी तिला सगळं सांगितलं, दीड चमच्यासकट. म्हणाले, तुझ्याकडे वेळेत पोचायचा मला लोभ झाला. आक्का हसली. म्हणाली, तुझ्यापेक्षा चंद्र बरा, पंचांगात लिहिल्याप्रमाणे येतो. अप्पांनी आणलेलं जांभळं इरकली पातळ तिनं मात्र घेतलं नाही. म्हणजे हातात घेतलं, पदरावरून बोटं फिरवली आणि घडी न मोडता कपाटात ठेवलं. “ओवाळल्याशिवाय कशी नेसू? पुढच्या वर्षी दोनदा ओवाळीन, मग नेसेन.”

संक्रांतीच्या आधी आक्का गेली. सवाष्ण गेली की तिच्या अंगावर माहेरचं पातळ घालतात. काकांनी, म्हणजे तिच्या यजमानांनी, कपाट उघडलं आणि ते जांभळं पातळ अप्पांच्या हातात दिलं. घडीची रेघ अजून करकरीत होती. ते तिच्या अंगावर पसरताना अप्पांचे हात थांबले. पदर कुठवर यावा हे त्यांना ठरवता येईना. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, “बरोबर आहे का रे?” मी हो म्हणालो.

त्यानंतर अप्पांनी हत्यारांची पेटी उघडली नाही. इंजिन दुरुस्त करायला त्यांनी मिस्त्रीला नको म्हणून सांगितलं आणि गाडी तशीच ओढून शेडमध्ये आणून लावली. बाकीचं हळूहळू लक्षात आलं. फ्रेम टांगताना ते मला बोलवायचे आणि खाली उभं करून विचारायचे, सरळ आहे का. शाळेतला एक विद्यार्थी नंतर भेटला, त्याने सहज सांगितलं की सर हल्ली दोरी लावून गोल काढतात. आमटीत मीठ किती विचारलं की म्हणायचे, तूच बघ. आई एकदा चिडून म्हणाली, अहो, मिठाला काय घाबरता? बरणीतली हळद किती उतरली होती हे आईला दिसलं नसेल असं मला वाटत नाही. वर्षाची हळद ती स्वतः कांडून आणायची. ती कधी काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. आता विचारता येणार नाही.

मी शिकलो, सातपूरला नोकरीला लागलो, लग्न झालं, मुलगी झाली. दर भाऊबीजेला संध्याकाळी अप्पा अंगणात जाऊन थोडा वेळ उभे राहत. मी घरात काहीतरी काम काढत असे.

तर मागच्या उन्हाळ्यात मी गाडी दुरुस्तीला काढली ती आठवणीखातर नव्हे, हेही कबूल करतो. मला वाटलं होतं, गाडी चालू झाली, अप्पांना तिच्यात बसवलं, की न बोलताच सगळं पुसलं जाईल. वसंत मिस्त्री आता साठीचा झालेला, हाताखाली माणसं असलेला. त्यानं जुना रेडिएटर कापायला घेतला, कारण आतल्या नळ्या बदलायच्या होत्या. मला हाक मारली. प्रत्येक नळी तपकिरी पिवळ्या खड्यांनी भरलेली होती, विटेसारखी घट्ट. त्याने स्क्रू-ड्रायव्हरनं एक खडा उकरून तळहातावर घेतला.

म्हणाला, “साहेब, हे चमच्याचं काम नाय. दोन चमच्यांचं पण नाय. हे कुणीतरी मुठीनं टाकलंय.” जरा थांबून म्हणाला, “मास्तरांना मी उगाच हसलो तेव्हा. लोकांसमोर. मी येतो रविवारी, सांगतो त्यांना की तुमच्या हातून झालं नव्हतं.”

मी म्हणालो, तुम्ही येऊ नका. मी सांगतो. त्याने माझ्याकडे पाहिलं. खडा खाली ठेवून हात फडक्याला पुसत राहिला.

घरी आलो तर अप्पा पायरीवर बसून शेंगा फोडत होते. सत्तरी झाली तरी दुपारचं काहीतरी काम त्यांना लागतं. सूनबाई चटणी करणार होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं. पाडव्याची दुपार, बरणी, तीन मुठी. दीड चमच्यानं काही झालं नव्हतं. आणि लगेच पुढे म्हणालो की मी एकोणीस वर्षांचा होतो, मला कळत नव्हतं, तुम्हाला खूश करायचं होतं.

अप्पांनी हातातली शेंग फोडली, दाणे वाटीत टाकले, टरफल बाजूला ठेवलं. मग म्हणाले, “अर्धा चमचा. मी म्हणत होतो, तो वरचा अर्धा चमचा टाकला नसता तर ती ओवाळू शकली असती. रोज नाही म्हणत, पण पुष्कळदा.”

मी पुन्हा वयाचं काहीतरी बोलायला गेलो. त्यांनी हात वर केला, वर्गात करायचे तसा.

“हळदीचं सोड. एकोणीस वर्षांचा पोरगा मुठीनंच टाकणार. पण मिस्त्रीकडे तू माझ्या शेजारी होतास. आणि आक्काला पातळ घातलं तेव्हा मी तुला विचारलं होतं.”

“हो.”

“ती गेली ती मी लोभी होतो असं समजून गेली.”

रस्त्यावरून कुणीतरी स्कूटर ढकलत नेत होतं. अप्पांचे हात वाटीच्या काठावर टेकलेले होते. त्या हातांवर आता ठिपके आले होते आणि नखं जाड झाली होती.

आमच्या घरात माफी मागायची रीत नाही. कुणाचं चुकलं तर तो दुसऱ्या दिवशी चहा करतो, किंवा भाजी आणताना समोरच्याच्या आवडीची आणतो, आणि समोरचा ती खातो. मी सोळा वर्षं अप्पांना त्यांच्या आवडीच्या भाज्या आणून दिल्या होत्या. त्या पायरीवर मला पहिल्यांदा कळलं की ते त्या भाज्या कशाबद्दल आहेत हे न कळताच खात होते.

मी खालच्या पायरीवर बसलो. त्यांच्याकडे बघून बोललो, कारण आजवर बघितलं नव्हतं.

“अप्पा, हळदीबद्दल नाही. मी तिथे उभा होतो आणि बोललो नाही. आत्या होती तेव्हा बोललो नाही, गेली तेव्हा बोललो नाही. तुम्ही तुमच्या हातांना दोष देत राहिलात आणि मी बघत राहिलो. माझं चुकलं. मला माफ करा.”